ग्रंथनिवड समितीस खुले पत्र : ही पुस्तके सगळ्यांसाठी घ्या

मा. अध्यक्ष आणि ग्रंथनिवड समितीचे सर्व सदस्य यांस,
सप्रेम नमस्कार.

वाचनालयाच्या मागणी वहीत मी काही पुस्तकांची नावं लिहिली होती. त्यांच्यापुढे तांबड्या शाईत शेरा आला आहे : 'महिला विभागासाठी योग्य वाटत नाहीत.' शेरा कुणी लिहिला हे मला विचारायचं नाही. तोंडीही मला तेच ऐकायला मिळालं. बायकांना हलकंफुलकं लागतं, असली पुस्तकं कुणी नेत नाही, नेलीच तर घरी बोलणी बसतात. म्हणून हे पत्र, आणि ते उघडपणे, कारण वाचनालय आपल्या सगळ्या सभासदांचं आहे. ही पुस्तकं मी काही विकत घेऊन, काही मागून आणून वाचली आहेत. मला ती कशी वाटली ते सांगते. जिथे पटली नाहीत तेही सांगते. मग निर्णय घ्या.

त्याआधी एक गोष्ट. मी ही पुस्तकं महिला विभागासाठी मागितलीच नव्हती. वहीत तसा रकानाच नाही. लेखिकेचं नाव दिसलं आणि पुस्तक आपोआप त्या खिडकीजवळच्या कपाटाच्या हिशेबात गेलं. त्या कपाटात पाककृती, विणकाम, गर्भसंस्कार, व्रतकथा आहेत, आणि त्यांना नाक मुरडणाऱ्यांतली मी नाही. 'रुचिरा' माझ्याही घरात आहे आणि तिची पानं हळदीनं पिवळी झाली आहेत. पण ग्रामपंचायतीवरची कादंबरी त्या कपाटात का जावी, आणि तिथे शोभत नाही म्हणून वाचनालयातच का येऊ नये, याचं उत्तर मला हवं आहे.

ती ग्रामपंचायतीवरची कादंबरी म्हणजे कविता महाजन यांची 'ब्र'. 2005 साली राजहंसनं काढलेली. मी ती उशिरा वाचली, नोकरीतून मोकळी झाल्यावर. एकात्मिक बालविकास योजनेत पर्यवेक्षिका म्हणून मी गावोगाव फिरले आहे. अंगणवाडीच्या खोलीसाठी, पाण्याच्या टाकीसाठी, पोषण आहाराच्या बिलासाठी ग्रामपंचायतीच्या ऑफिसात तासन्‌तास बसले आहे. सरपंचबाईचा शिक्का नवऱ्याच्या खिशातून निघताना पाहिला आहे. तिला सही करायला बोलावणं धाडतात, ती चुलीवरून उठून पदर सावरत येते, दाखवलेल्या जागी सही करते आणि परत जाते. हे मी इतक्यांदा पाहिलं की मला ते दिसेनासं झालं होतं. 'ब्र' वाचली आणि ते परत दिसायला लागलं.

कादंबरीची नायिका प्रफुल्ला संसारातून बाहेर पडून एका स्वयंसेवी संस्थेत काम करायला लागते आणि आदिवासी भागातल्या निवडून आलेल्या बायकांना भेटत फिरते. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनं पंचायतीत एक तृतीयांश जागा बायकांना मिळाल्या, त्याचं पुढे प्रत्यक्षात काय झालं, हे मराठीत इतक्या जवळून दुसरं कुणी लिहिलेलं माझ्या वाचनात नाही. 2011 पासून आपल्या राज्यात पंचायतीतल्या निम्म्या जागा बायकांसाठी राखीव झाल्या. म्हणजे आपल्या तालुक्यातल्या जवळजवळ प्रत्येक घराचा या विषयाशी आज संबंध आहे. बाई गप्प बसली तर तिला बाहुली म्हणायचं, बोलायला लागली की अविश्वासाचा ठराव आणायचा, ही रीत आपल्याकडे कुणाला ठाऊक नाही? आणि या लेखिकेनं नुसतं गाव रंगवलेलं नाही. बायकांच्या भल्यासाठी चालणाऱ्या संस्थांच्या आत काय चालतं, पैसा कसा फिरतो, अहवाल कसे तयार होतात, यावरही ती तितकीच स्पष्ट बोलते. मी सरकारी अहवाल लिहिण्यात आयुष्य घालवलं आहे. त्या पानांवर मला थांबून थांबून वाचावं लागलं.

माझा आक्षेपही सांगते. 'ब्र'मध्ये पाड्यावरच्या बायका आपल्याला भेटतात त्या प्रफुल्लाच्या कानांनी. ती प्रामाणिक आहे, ऐकते, स्वतःला तपासते, तरी ती बाहेरून आलेली आहे आणि एकेक मुलाखत संपवून पुढच्या गावाला निघते. कादंबरीला त्यामुळे एक तुटकपणा आला आहे. यासाठीच त्याच मागणीत मी नजुबाई गावित यांची 'तृष्णा' लिहिली होती. ती आधीची, 1995 ची. तिथे आदिवासी बाई स्वतःच सांगते, कुणी टिपून घेत नाही. दोन्ही शेजारी ठेवून वाचाव्यात असं मला वाटतं. 'तृष्णा'ची प्रत मिळवताना मला फार त्रास झाला. अशी पुस्तकं दुकानातून नाहीशी होतात, तेव्हा ती जपून ठेवायची जागा वाचनालय हीच असते.

कविता महाजन यांचंच 'भिन्न' 2007 चं. एच.आय.व्ही.वरची कादंबरी, नायिकेला लागण झालेली आहे नवऱ्याकडून. समितीतल्या एका सद्‌गृहस्थांनी मला सांगितलं की हा विषय आता जुना झाला. मला तसं वाटत नाही. 2004 साली सरकारी दवाखान्यांतून मोफत औषधं सुरू झाली, त्याआधीची आणि नंतरचीही काही वर्षं मी याच तालुक्यात घालवली आहेत. ट्रकवर जाणाऱ्या माणसांच्या बायका, त्यांना सासरच्यांनी दाखवलेली वाट, जन्मलेल्या बाळाला हात लावायला घाबरणाऱ्या सुइणी. त्यातलं कुणीच कधी मोठ्यानं बोललं नाही. या कादंबरीनं ते बोलून दाखवलं. कादंबरी म्हणून मात्र 'भिन्न' मला 'ब्र'पेक्षा कमी आवडली. तिच्यावर माहितीचं ओझं फार आहे. रोग, योजना, संस्था, कायदा, प्रत्येक गोष्ट कुणीतरी कुणाला तरी समजावून सांगत असतं, आणि मध्ये मध्ये माणूस मागे पडून प्रश्न पुढे येतो. तरी ती घ्याच. आरोग्य केंद्रात काम करणाऱ्या आपल्या मुली वाचतील. कविता महाजन 2018 साली गेल्या, वय फार नव्हतं. 'ब्र' आणि 'भिन्न'नंतर त्यांनी 'कुहू' केली, शब्दांबरोबर चित्रं, संगीत आणि डीव्हीडी असलेली कादंबरी. एकदा केलेलं पुन्हा करायचं नाही असा त्यांचा बाणा होता, आणि मराठी कादंबरीत तो फार कमी जणांकडे दिसतो.

त्यांचं अजून एक काम आपल्या वाचनालयानं ओळखायला हवं. मनोविकास प्रकाशनासाठी त्यांनी 'भारतीय लेखिका' ही मालिका संपादित केली. इतर भारतीय भाषांतल्या बायकांची पुस्तकं त्यातून मराठीत आली. त्यातलं एक माझ्या यादीत होतं आणि त्याबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे.

सलमा या तमिळ कवयित्री. तिरुचिरापल्लीजवळच्या लहानशा गावातल्या. वयात आल्यावर शाळा बंद, घराबाहेर पडणं बंद, लग्नानंतरही तेच. त्या चोरून लिहायच्या आणि ओळख लपवण्यासाठी सलमा हे नाव घेतलं. पुढे गावची पंचायत बायकांसाठी राखीव झाली, घरच्यांना उमेदवार हवा होता, आणि 2001 साली ही घरात कोंडलेली बाई निवडून येऊन पंचायतीची अध्यक्ष झाली. ज्या राखीव जागेत बाईला नवऱ्याची सही म्हणून बसवलं जातं, त्याच जागेतून एक लेखिका उजेडात आली. 'ब्र'मधल्या बायकांना मी मनातल्या मनात ही हकिगत सांगत राहिले. आज त्या राज्यसभेत आहेत.

त्यांची कादंबरी मराठीत 'मध्यरात्रीनंतरचे तास' या नावानं आली, अनुवाद सोनाली नवांगुळ यांचा, आणि त्याला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला आहे. सोनाली नवांगुळ आपल्या कोल्हापूरच्या, चाकाच्या खुर्चीवरून सगळं जग हिंडणाऱ्या. हा अनुवाद वाचताना मी कुठेही अडखळले नाही. तमिळ मुस्लिम घरातल्या बायका मराठीत बोलतात आणि तरी आपल्याकडच्या वाटत नाहीत, त्या त्यांच्याच गावच्या राहतात. राबिया नावाची लहान मुलगी आहे, तिच्या आजूबाजूला आया, मावश्या, शेजारणी, नव्या नवऱ्या, टाकलेल्या, विधवा. पुरुष बहुतेक बाहेर. घरात बायका एकमेकींशी बोलतात, आणि काय मोकळं बोलतात! शरीराबद्दल, नवऱ्यांबद्दल, पैशाबद्दल, देवाधर्माबद्दल. त्या एकमेकींना जीव लावतात आणि एकमेकींवर पाळतही ठेवतात. बाईला जखडून ठेवण्याचं बरंचसं काम बायकाच करतात, हे सलमा कुणाला दोष न देता, कुणाला सूटही न देता दाखवतात. राबियाला एकेक दार बंद होत जातं आणि तिला ते कळत जातं, ते वाचताना मला माझ्या शाळा सुटलेल्या मैत्रिणी आठवल्या. त्यांच्यातली एकही मुसलमान नव्हती.

सुरुवातीला गोंधळ होतो हे खरं. नावं फार, नाती गुंतागुंतीची, कोण कुणाची नणंद हे लक्षात राहत नाही. मी मागच्या कोऱ्या पानावर वंशावळ लिहून घेतली होती. पन्नासेक पानं सोसली की मग पुस्तक खाली ठेवता येत नाही. समितीनं यावर 'आपल्याकडे वाचक नाही' म्हटलं. आपल्या वाचनालयात मुसलमान सभासद आहेत, त्यांच्या मुली अभ्यासिकेत येतात. त्यांच्यासारख्या घराची गोष्ट सांगणारं, त्यांच्याच समाजातल्या बाईनं लिहिलेलं किती साहित्य आपल्या कपाटांत आहे? हिना कौसर खान यांचं 'धर्मरेषा ओलांडताना' मी त्याच कारणानं सुचवलं होतं. वेगवेगळ्या धर्मांतल्या माणसांनी लग्नं केली, ती टिकवली, त्या जोडप्यांशी केलेला संवाद आहे. या विषयावर हल्ली गावागावांत ज्या आवाजात बोललं जातं, त्यानंतर ही माणसं सरळ साध्या शब्दांत घर, सण, मुलांची नावं याबद्दल काय सांगतात हे वाचणं फार गरजेचं आहे.

आता ज्या पुस्तकावर खरा आक्षेप होता, त्याकडे येते. मेघना पेठे यांची 'नातिचरामि'. घरात ठेवण्याजोगं नाही, असं मला सांगण्यात आलं. मीरा नावाची बाई लग्न, घटस्फोट, प्रेम, शरीराची ओढ आणि एकटेपणा यांबद्दल काही हातचं न राखता बोलते. मला ही कादंबरी पूर्ण आवडली असं म्हणणार नाही. मीराचं जग माझं नाही, महानगरातलं, भरपूर वाचलेल्या आणि त्याहून जास्त बोलणाऱ्या माणसांचं. काही ठिकाणी ती स्वतःला इतकं उकलत बसते की मला दम लागला. 'हंस अकेला' आणि 'आंधळ्याच्या गायी' या संग्रहांतल्या त्यांच्या दीर्घकथा मला कादंबरीपेक्षा घट्ट आणि धारदार वाटतात. पण 'नातिचरामि'चं एक मोल मी कधीच नाकारणार नाही. नवऱ्याबायकोत काय होतं हे मराठी बाईनं सांगायचं झालं तर ते रडत किंवा सूचकपणे सांगायचं, अशी आपली सवय. मीरा रडत नाही आणि सूचकही नाही. ती विचार करते. शरीराचा अनुभव हा विचार करण्याचा विषय आहे असं मानते. पुरुषांनी लिहिलेल्या कितीतरी कादंबऱ्यांत बाईच्या शरीराची वर्णनं आहेत. त्या आपल्या कपाटांत वर्षानुवर्षं आहेत, आणि त्या घरी नेताना कुणी कुणाला अडवलेलं मी पाहिलेलं नाही. हा फरक समितीनं स्वतःशी नीट तपासावा, एवढं माझं कळकळीचं म्हणणं आहे.

उर्मिला पवार यांचं 'आयदान' यादीत का लिहावं लागलं, याचंच मला वाईट वाटतं. 2003 सालचं आत्मकथन, इंग्रजीत गेलं, परदेशातल्या विद्यापीठांत शिकवलं जातं, आणि आपल्याकडे प्रत नाही. कोकणातल्या बायका डोंगर उतरून रत्नागिरीच्या बाजाराला ओझी घेऊन जातात, त्या वाटेपासून ते सुरू होतं. आई आयदानं, म्हणजे बांबूच्या टोपल्या-सुपं, विणते आणि पोरांना शिकवते. वडील मास्तर, मुलांनी शिकलं पाहिजे हा त्यांचा ध्यास, आणि ते लवकर जातात. पुढे मुंबई, नोकरी, लग्न, चळवळ. दलित पुरुषांच्या आत्मकथनांनी मराठी वाचकाला हलवलं, ते आपण वाचतो, सत्कारही करतो. पण चळवळीतल्या घरातसुद्धा बायकोनं एम.ए. करायचं म्हटलं की काय होतं, सभेला जायचं तर भाकऱ्या कुणी थापायच्या, हे सांगायला 'आयदान' लागलं. मुलाच्या मृत्यूची पानं मी एका बैठकीत वाचू शकले नाही. आणि तरी हे पुस्तक दुःखाचं नाही. त्यात खोड्या आहेत, खाणंपिणं आहे, फजित्या आहेत, बायकांचं खदखदून हसणं आहे. मीनाक्षी मून यांच्यासोबत उर्मिलाताईंनी 1989 साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांवरचं पुस्तक केलं. तेही मागवा. चौदा एप्रिलला आपण हॉलमध्ये जे ग्रंथप्रदर्शन भरवतो, त्यात मला एकाही बाईचं पुस्तक दिसलं नव्हतं.

कवितांबद्दल थोडक्यात. कल्पना दुधाळ या दौंड भागातल्या शेतकरी बाई, त्यांचे 'सिझर कर म्हणतेय माती' आणि 'धग असतेच आसपास' हे संग्रह. शेतीवरच्या कविता आपल्याकडे भरपूर, पण त्या बहुतेक बांधावर उभं राहून लिहिलेल्या. यांच्या कवितेत खुरपणाऱ्या हाताचा वेग आहे, पाठीची कळ आहे. शेतकरी सभासदांना वाचून दाखवा, मी यायला तयार आहे. अनुराधा पाटील यांचा 'कदाचित अजूनही' हा अतिशय शांत, कमी बोलणारा संग्रह. घाईत वाचला तर हाती काही लागणार नाही. दिशा पिंकी शेख यांचा 'कुरूप' वाचताना मी अस्वस्थ झाले आणि अजूनही आहे. तृतीयपंथी म्हणून आपण ज्यांना सिग्नलवर पाहतो आणि काच वर करतो, त्यांच्यातलं एक माणूस आपल्याशी थेट बोलतं. काही कविता भाषणासारख्या होतात. काही मात्र काळजात रुततात.

आणि तारा भवाळकर यांचं 'सीतायन'. लोकगीतांतली, जात्यावरच्या ओव्यांतली सीता ताराबाईंनी गोळा केली आहे. बायकांनी शेकडो वर्षं दळता दळता रामाला प्रश्न विचारले आहेत, सीतेची बाजू घेतली आहे, आणि ते सगळं तोंडी होतं म्हणून कुणी साहित्य मानलं नाही. धार्मिक पुस्तकांच्या कपाटात हे ठेवलंत तरी माझी हरकत नाही, तिथेच ते जास्त वाचलं जाईल.

ही नावं समितीपर्यंत आपोआप पोहोचत नाहीत, याचं कारण मला समजतं. आपण पुरस्कारांच्या याद्या पाहून खरेदी करतो. त्या याद्यांतच काय आहे ते पाहा. साहित्य अकादमीचा मराठी पुरस्कार 2006 साली आशा बगे यांच्या 'भूमी'ला मिळाला. त्यानंतर पुढचा बाईच्या पुस्तकाला मिळाला तो थेट 2019 साली, अनुराधा पाटील यांना. मधली बारा वर्षं ओळीनं पुरुष. 'आयदान', 'ब्र', 'नातिचरामि', 'भिन्न' ही सगळी पुस्तकं 2003 ते 2007 या काळातली आहेत. मराठीला चार ज्ञानपीठं मिळाली, चारही पुरुषांना. साहित्य संमेलनांची परंपरा 1878 पासूनची, आणि दिल्लीच्या 98 व्या संमेलनापर्यंत अध्यक्षपदी बायका सहा : कुसुमावती देशपांडे, दुर्गा भागवत, शांता शेळके, विजया राजाध्यक्ष, अरुणा ढेरे, तारा भवाळकर. पुरस्कार मिळालेल्या पुरुषांच्या पुस्तकांचा मी अनादर करत नाही, त्यांतली बरीच मी आपल्याच वाचनालयातून नेऊन आवडीनं वाचली आहेत. फक्त त्याच यादीवर विसंबलं तर काय काय निसटतं ते समितीनं लक्षात घ्यावं. सार्वजनिक ग्रंथालयांना सरकार अनुदान देतं ते सगळ्या वाचकांच्या पैशातून.

माझ्या मागण्या अशा आहेत. पुढच्या खरेदीत ही पुस्तकं घ्यावीत. सगळी एकदम जमत नसतील तर 'ब्र', 'आयदान' आणि 'मध्यरात्रीनंतरचे तास' आधी. कादंबऱ्या कादंबऱ्यांच्या कपाटात, आत्मचरित्रं आत्मचरित्रांत, कविता कवितांत लागाव्यात. महिला विभाग जसा आहे तसा राहू द्या, त्याला वाचक आहेत, पण लेखिकेचं नाव पाहून पुस्तक तिथे पाठवू नका. समितीवर आज एकही बाई नाही. सभासदांत बायका निम्म्याहून कमी नसतील. वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत समितीच्या रचनेचा विषय घ्यावा, तशा अर्जावर काही सभासदांच्या सह्या घेऊन तो ग्रंथपालांकडे दिला आहे.

'मध्यरात्रीनंतरचे तास'ची माझी प्रत मी देणगी म्हणून देते आहे. मागच्या पानावरची वंशावळ पुसलेली नाही, पुढच्या वाचकाला उपयोगी पडेल. दाखलनोंदीत तिचा विषय 'कादंबरी – अनुवादित' असा लिहावा.

कळावे,
आपली,
एक आजीव सभासद